चर्चेचे धागे आणि त्यांचे संकलन

संगणकाच्या जाळ्यावर एखाद्या विषयाची आस्था असलेली माणसे एकमेकांना प्रश्न विचारतात, उत्तरे देतात, उत्तरांवर हरकती घेतात आणि मधूनच विषयांतरही करतात. एका प्रश्नाभोवती जमलेल्या अशा संदेशांच्या साखळीला मराठी वाचक आता सरसकट ‘धागा’ म्हणतात. परस्परांना कधीही न भेटलेल्या माणसांनी विनामोबदला एकमेकांना दिलेले हे ज्ञान गेल्या साडेचार दशकांत अफाट साठले असले, तरी ते बहुतांशी ज्या क्रमाने बोलले गेले त्याच क्रमाने पडून आहे आणि त्यातला मोठा भाग नाहीसाही झाला आहे. ग्रंथात आलेल्या माहितीला अनुक्रमणिका असते, शेवटी सूची असते, आवृत्तीचे वर्ष असते. चर्चेतल्या माहितीला यांपैकी काहीच आपोआप लाभत नाही. परिणामी तोच प्रश्न दर काही महिन्यांनी नव्याने विचारला जातो, जाणकार तीच उत्तरे देऊन कंटाळतात आणि अखेर बोलायचेच थांबतात. जाणकारांचे हे मौन कोणत्याही ज्ञानव्यवहाराचे सर्वांत मोठे नुकसान असल्यामुळे चर्चांचे जतन आणि संकलन या दोन्ही कामांकडे फावल्या वेळचा उद्योग म्हणून पाहता येत नाही.

ही दोन कामे एकमेकांपासून वेगळी आहेत. जतन म्हणजे मूळ संदेश त्यांच्या तारखा, लेखकांची नावे आणि परस्परसंबंध यांसह जसेच्या तसे सुरक्षित ठेवणे. संकलन म्हणजे त्या साठ्यातून एखाद्या विषयापुरते जे ठरले, जे पटले आणि जे वादग्रस्तच राहिले, ते निवडून आणि रचून वाचकाच्या हाती देणे. पहिल्या कामाला चिकाटी आणि यंत्रसामग्री लागते, दुसऱ्याला विषयाची जाण आणि निवड करण्याचे धैर्य. व्यवहारात मात्र दोहोंची गल्लत होते. कोणी सगळे संदेश उतरवून घेऊन काम पुरे झाले असे समजतो, तर कोणी सारांश लिहून झाल्यावर मूळ चर्चा टाकून देतो. यांतली दुसरी चूक अधिक घातक आहे, कारण मूळ हाताशी असेल तर फसलेला सारांश पुन्हा लिहिता येतो, परंतु सारांशावरून मूळ चर्चा कधीही उभी करता येत नाही.

या क्षेत्राचा सर्वांत शिकण्यासारखा इतिहास यूझनेटचा आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना 1979 मध्ये ही कल्पना सुचली, शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोव्हिन यांनी तिला पहिले रूप दिले आणि 1980 पासून ती प्रत्यक्षात आली. विषयवार गट, त्या गटांत कोणीही लिहिलेले संदेश आणि ते एका संगणकाकडून दुसऱ्याकडे टप्प्याटप्प्याने पोहोचवणारी यंत्रणा, असे तिचे स्वरूप होते. मराठी भाषकांचाही एक स्वतंत्र गट पुढे तिथे निघाला आणि देवनागरीची सोय नसल्याने त्यातले मराठी रोमन लिपीत लिहिले जाई. टिम बर्नर्स-ली यांनी आपल्या ‘वर्ल्ड वाइड वेब’ प्रकल्पाची माहिती ऑगस्ट 1991 मध्ये अशाच एका गटात दिली आणि त्याच महिन्यात फिनलंडमधील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण एक छोटी संगणकप्रणाली लिहीत असल्याचे दुसऱ्या गटात कळवले. तीच आजची लिनक्स. असे दस्तऐवज ज्या यंत्रणेवर उमटत होते, ती यंत्रणा मात्र विसरण्यासाठीच रचलेली होती. डिस्कवरची जागा महाग असल्यामुळे प्रत्येक ठिकाणचा संगणक काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी जुने संदेश पुसून टाकत असे आणि लिहिणाऱ्यांनाही आपले बोलणे टिकेल अशी अपेक्षा नव्हती.

ते टिकले, याचे श्रेय मुख्यतः एका माणसाच्या सवयीला जाते. कॅनडातील टोरोंटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात संगणकाची व्यवस्था पाहणारे हेन्री स्पेन्सर यांनी 1981 पासून पुढे दहा वर्षे आपल्या संगणकावर येणारे यूझनेटचे संदेश चुंबकीय फितींवर उतरवून ठेवले. या फितींची संख्या 141 झाली आणि त्यांवरच्या संदेशांची संख्या वीस लाखांहून अधिक. पुढे वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठातील डेव्हिड वाइझमन यांनी या फिती गाडीत घालून आपल्याकडे नेल्या आणि कालबाह्य होत चाललेल्या यंत्रांवर त्या एकेक करून वाचून त्यांतला मजकूर डिस्कवर आणला. दरम्यान 1995 मध्ये ‘डेजा न्यूज’ नावाच्या कंपनीने यूझनेट साठवून त्यात शोध घेण्याची सोय सुरू केली होती. तो साठा फेब्रुवारी 2001 मध्ये गूगलने विकत घेतला, त्याला स्पेन्सर यांच्या फितींवरील आणि इतर काही खाजगी संग्रहांतील संदेशांची जोड दिली आणि त्या वर्षाअखेरीस वीस वर्षांतले सुमारे 70 कोटी संदेश लोकांपुढे ठेवले. म्हणजे एका जागतिक संवादाच्या पहिल्या दशकाची स्मृती एका विभागातल्या फडताळावर उभी होती. कोणत्याही संस्थेने असे धोरण आखले नव्हते, कोणी निधी दिला नव्हता, आणि फिती धूळ खात पडू न देता वेळेत हलवल्या नसत्या तर आज त्या दशकाविषयी आठवणींखेरीज फारसे काही हाती राहिले नसते.

संदेश टिकला एवढे पुरत नाही, त्याचा धागाही टिकला पाहिजे, हे सांगणारे उदाहरण कार्नेगी मेलन विद्यापीठातले आहे. मजकुरात हसरा चेहरा दाखवण्यासाठी अपूर्णविराम, लहान आडवी रेघ आणि कंस ही तीन चिन्हे एकापुढे एक लिहिण्याची सूचना स्कॉट फाल्मन यांनी 19 सप्टेंबर 1982 रोजी तिथल्या संगणकीय सूचनाफलकावर केली. ती जगभर पसरली, पण मूळ संदेश हरवला आणि जवळजवळ वीस वर्षे त्याविषयी केवळ आठवणी सांगितल्या जात होत्या. 2002 मध्ये माइक जोन्स यांच्या पुढाकाराने विद्यापीठाच्या जुन्या बॅकअप फितींचा शोध सुरू झाला. फिती सापडणे, त्या वाचणारे यंत्र चालू स्थितीत मिळणे आणि जुन्या पद्धतीने साठवलेला मजकूर उलगडणे असे तिन्ही अडथळे पार करून जेफ बेअर्ड यांनी तो संदेश अखेर बाहेर काढला.

सापडला तो एकटा संदेश नव्हता, त्याच्या आधीची सगळी चर्चा सापडली, आणि खरे मोल तिचे आहे. कोणीतरी विचारले होते की लिफ्टची दोरी तुटून ती खाली कोसळू लागली तर आतल्या जळत्या मेणबत्तीचे आणि पाऱ्याच्या थेंबाचे काय होईल. त्यावर दुसऱ्याने गमतीने जाहीर करून टाकले की एका प्रयोगामुळे इमारतीतली एक लिफ्ट पाऱ्याने दूषित झाली आहे. काही वाचकांना ती सूचना खरी वाटली, गोंधळ उडाला, आणि मग विनोदी मजकुराला काहीतरी खूण असावी अशी चर्चा सुरू होऊन निरनिराळी चिन्हे सुचवली जाऊ लागली. फाल्मन यांची सूचना या प्रवाहाच्या शेवटी येते. ती तीन-चार ओळींची सूचना सुटी वाचली तर एक गंमत वाटते. धाग्यात वाचली म्हणजे लिखित संभाषणात आवाजाचा चढउतार पोहोचत नाही ही खरीखुरी अडचण माणसांनी कशी ओळखली आणि सोडवली, याचा तो पुरावा ठरतो.

हा धागा यंत्राला कळतो कसा, हेही थोडक्यात पाहिले पाहिजे. ईमेलने चालणाऱ्या चर्चेत प्रत्येक संदेशाच्या माथ्यावर वाचकाला सहसा न दिसणाऱ्या काही ओळी असतात. त्यांपैकी एका ओळीत त्या संदेशाची जगात एकमेव अशी ओळखखूण असते आणि उत्तरादाखल पाठवलेल्या संदेशात, तो ज्याला उत्तर आहे त्या संदेशाची खूण तसेच त्याच्या पूर्वजांच्या खुणाही नोंदलेल्या असतात. 1982 मध्ये ठरलेल्या ईमेलच्या प्रमाणकातच या नोंदींची तरतूद होती. या खुणा जुळवल्या की संदेशांची वंशावळ तयार होते. मधला एखादा संदेश गहाळ असला तर त्याच्या जागी रिकामे स्थान कल्पून वंशावळ पुरी करण्याची पद्धत नेटस्केप या ब्राउझरसाठी जेमी झाविन्स्की यांनी बसवली आणि ती पुढे अनेक प्रणालींनी उचलली.

प्रत्यक्षात ही वंशावळ माणसांच्या सवयींमुळे बिघडते. कोणी जुन्याच संदेशाला ‘उत्तर द्या’ दाबून त्यात अगदी नवा विषय काढतो, म्हणून परस्परांशी संबंध नसलेल्या दोन चर्चा एका धाग्यात शिरतात. कोणी उत्तर देताना कोरा संदेश सुरू करतो, म्हणून एक चर्चा दोन जागी तुटते. दिवसभराचे सगळे संदेश एका गठ्ठ्यात घेणारा वाचक त्या गठ्ठ्यालाच उत्तर पाठवतो, तेव्हा ते कोणाला आहे हे यंत्राला समजत नाही. एखाद्याच्या संगणकाचे घड्याळ चुकीचे असेल तर उत्तर प्रश्नाच्या आधी आलेले दिसते. साठवणुकीच्या रीतीही आपल्या खुणा सोडतात. संदेश एकाखाली एक लिहून ठेवण्याच्या एका जुन्या आणि आजही वापरात असलेल्या पद्धतीत नव्या संदेशाचा प्रारंभ ‘फ्रॉम’ या इंग्रजी शब्दाने ओळखला जातो, त्यामुळे मजकुरातलीच एखादी ओळ त्या शब्दाने सुरू झाली तर तिच्याआधी बाणासारखे एक चिन्ह घालावे लागते. जुन्या संग्रहांत मध्येच दिसणाऱ्या त्या अनाकलनीय बाणाचे मूळ हे आहे. संकलकाला या साऱ्या खाचाखोचा माहीत असाव्या लागतात, कारण यंत्राने जोडलेला धागा आणि माणसांमध्ये झालेली चर्चा यांच्यातला फरक अखेर माणसानेच दुरुस्त करायचा असतो.

आजच्या मराठी समाजाच्या चर्चांचा मोठा ओघ व्हॉट्सॲपच्या ग्रुपांमधून वाहतो आणि तिथे ही अडचण अधिक बिकट आहे. ग्रुपमधील चर्चा बाहेर काढण्याची सोय त्या ॲपमध्ये आहे. त्यातून साध्या मजकुराची एक फाइल मिळते आणि प्रत्येक संदेशापुढे तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचे नाव किंवा फोननंबर असतो. परंतु पडद्यावर एखाद्या संदेशाला अंगठ्याने सरकवून दिलेले उत्तर ज्या संदेशाला उद्देशून होते, तो संबंध त्या फाइलीत उतरत नाही. समजा, डाळिंब बागायतदारांच्या एखाद्या ग्रुपमध्ये सकाळी एकाने तेल्या रोगाविषयी विचारले, दुसऱ्याने छाटणीविषयी, तिसऱ्याने बाजारभावाविषयी, आणि दुपारी एका अनुभवी बागायतदाराने ‘हो, पण पाऊस उघडल्यावरच’ असे उत्तर दिले, तर पडद्यावर स्पष्ट असलेला अर्थ बाहेर काढलेल्या फाइलीत पूर्णपणे हरवतो. असे अधांतरी ‘हो’ आणि ‘नाही’ या फाइलींमध्ये शेकड्यांनी आढळतात. पडद्याची छायाचित्रे काढून ठेवण्याचा सर्रास मार्ग तर आणखी निरुपयोगी आहे, कारण चित्रातला मजकूर साध्या शोधात सापडत नाही. ज्या ग्रुपला आपली चर्चा पुढे उपयोगी पडावी असे वाटते, त्याने उत्तर देतानाच कशाविषयी बोलतो आहोत ते अर्ध्या वाक्यात लिहिण्याची शिस्त लावून घेणे हाच सध्या यावरचा भरवशाचा उपाय आहे.

संकलनाच्या कामाला पहिले ठसठशीत रूप आले ते वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांच्या संग्रहामुळे. आता प्रत्येक बँकेच्या आणि कंपनीच्या संकेतस्थळावर दिसणारा हा प्रकार जाहिरातीतून जन्मला नाही. नासामध्ये काम करणारे यूजीन मिया यांच्यासारख्या सभासदांनी 1980 च्या दशकाच्या आरंभी अवकाशविषयक चर्चेत नवागतांचे तेच ते प्रश्न टाळण्यासाठी त्याचा पाया घातला. यूझनेटवर पुढे शेकडो गटांनी असे संग्रह तयार केले, त्यांचे जबाबदार संपादक ठरले, ते ठरावीक मुदतीने पुन्हा प्रसिद्ध होऊ लागले आणि त्यांच्या माथ्यावर शेवटच्या दुरुस्तीची तारीख दिली जाऊ लागली. या सर्व संग्रहांसाठी एक स्वतंत्र गट काढला गेला आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संगणकावर त्यांचे भांडार उभे राहिले. संपादकाचे नाव, दुरुस्तीची तारीख आणि ठरलेली मुदत या तीन गोष्टींमुळे त्या संग्रहांना जी विश्वासार्हता आली, ती आजच्या बहुसंख्य निनावी सारांशांना नाही.

दुसरा नमुना लिनक्सच्या विकासाचा. जगभरचे प्रोग्रॅमर ईमेलच्या एका प्रचंड चर्चेतून ही प्रणाली घडवतात. त्या चर्चेचा साप्ताहिक गोषवारा झॅक ब्राऊन यांनी ‘कर्नल ट्रॅफिक’ या नावाने 1999 पासून 2005 पर्यंत लिहिला. कोणता वाद कोणी सुरू केला, कोणते मत कोणी मांडले आणि निर्णय कुठे झाला, हे त्यात नावानिशी सांगितलेले असे. आज त्या चर्चेचे अनेकांनी जपलेल्या खाजगी प्रती जोडून सिद्ध केलेले खुले भांडार उपलब्ध आहे आणि प्रणालीत केलेल्या अनेक बदलांच्या नोंदीखाली, तो बदल ज्या चर्चेतून निघाला तिच्या संदेशाचा थेट दुवा दिलेला असतो. दहा वर्षांनी एखाद्या प्रोग्रॅमरला एखादी ओळ विचित्र वाटली तर ती कोणी, का आणि कोणाच्या विरोधाला तोंड देऊन लिहिली, हे त्याला पाहता येते. निर्णयापासून त्यामागच्या चर्चेपर्यंत परत जाण्याची वाट खुली ठेवणे हा संकलनाचा प्राण आहे, आणि ही वाट इतक्या शिस्तीने राखलेले दुसरे उदाहरण सहज सापडत नाही.

मराठीला हे काम नवे नाही, किंबहुना मराठी गद्याच्या आरंभापाशीच ते उभे आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या निर्याणानंतर म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करण्याचे ठरवले. ज्यांनी जे पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडे जाऊन त्यांनी ते उतरवून घेतले, नागदेवाचार्यांकडून पारखून घेतले आणि त्यातून ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. त्यातली प्रत्येक लीळा म्हणजे बहुधा एक प्रसंग आणि एक संवाद असतो. कोणी काय विचारले, कुठे विचारले आणि त्यावर स्वामी काय म्हणाले, याची ती नोंद आहे. त्यानंतर केसोबासांनी या लीळांमधून चक्रधरांची वचने वेचून विषयवार रचली, तो ‘सूत्रपाठ’. म्हणजे एकाने मूळ संवाद प्रसंगासह जतन केले आणि दुसऱ्याने त्यांचे संदर्भासाठी सुटसुटीत संकलन केले, शिवाय सूत्र कळेनासे झाले की लीळेकडे परतता येत राहिले. आठवणींमध्ये भेद आढळले तेव्हा महानुभाव परंपरेने निरनिराळे पाठही नोंदवून ठेवले, एकच पाठ खरा मानून बाकीचे पुसून टाकले नाहीत. सातशे वर्षांपूर्वी, मौखिक साधनांवर विसंबून असलेल्या माणसांनी दाखवलेली ही दक्षता आजच्या संकलकापुढे आदर्श म्हणून ठेवता येईल इतकी मोलाची आहे.

मराठी चर्चांच्या संकलनात भाषेच्या स्वरूपामुळे काही खास अडचणी येतात आणि त्यांचा विचार इंग्रजीसाठी बनवलेल्या साधनांनी केलेला नसतो. पहिली अडचण सामान्यरूपाची. ‘पाऊस’ हा शब्द शोधला तर साध्या शोधयंत्रणेला ‘पावसाने’, ‘पावसात’, ‘पावसाळी’ हे शब्द सापडत नाहीत, कारण अक्षरांच्या दृष्टीने ते वेगळेच आहेत. ‘विहीर’ शोधणाऱ्याला ‘विहिरीला’ मिळत नाही आणि ‘फूल’ शोधणाऱ्याला ‘फुलांची’ मिळत नाही. दुसरी अडचण संगणकीय लिपीची. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा 2008 मध्ये मिळाली. तोपर्यंत अ-काराला चंद्र जोडून ते लिहिले जाई. ‘दऱ्या’ किंवा ‘सुऱ्या’ यांतला अर्धा र देखील दोन तऱ्हांनी टाइप करता येतो. डोळ्यांना दोन्ही रूपे एकसारखी दिसत असली तरी यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात आणि एक शोधल्यावर दुसरे हाती लागत नाही. त्याहून जुन्या मजकुराची अवस्था अधिक वाईट आहे, कारण युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक फाँटची अक्षररचना वेगळी होती आणि तो फाँट नसेल तर मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा अर्थहीन पसारा दिसतो. त्याचे रूपांतर करणारी साधने आहेत, पण रूपांतरानंतर जोडाक्षरे ओळीओळीने तपासावीच लागतात. शिवाय रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्यांचे लेखन एकाच शब्दाला चार-पाच रूपे देते.

या सर्वांमुळे मराठी संग्रहाला केवळ शोधयंत्रणेच्या भरवशावर सोडता येत नाही. प्रत्येक धाग्याला एखाद्या जाणत्या माणसाने मूळ रूपातले पाच-सहा विषयशब्द जोडले, त्यांची एक ठरलेली यादी ठेवली आणि ‘तेल्या’ या बोलीतल्या नावाबरोबर ‘तेलकट डाग रोग’ हे पाठ्यपुस्तकातले नावही नोंदले, तरच शेतकरी आणि अभ्यासक दोघेही एकाच जागी पोहोचतात. हे काम कंटाळवाणे आहे, त्यात कौतुक नाही, आणि तरीही संपूर्ण संग्रहाची उपयुक्तता त्याच्यावर अवलंबून असते. ग्रंथाच्या शेवटची सूची करणाऱ्यांना हा अनुभव परिचित असेल.

संकलनातला सर्वांत नाजूक प्रश्न काळाचा आहे. उत्तर त्या दिवशी बरोबर असते आणि पुढे घातक ठरू शकते. एंडोसल्फान या कीटकनाशकाचे उदाहरण पुरेसे आहे: मे 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभर त्यावर बंदी घातली, तोपर्यंत ते सर्रास वापरात होते; तेव्हा 2010 सालच्या चर्चेतला त्याच्या फवारणीचा सल्ला तारीख गाळून आज संकलनात आला, तर तो वाचकाला बेकायदा आणि विषारी मार्गावर नेईल. औषधे, करविषयक नियम, सरकारी योजनांच्या अटी, संगणकाच्या दुरुस्त्या या सर्व विषयांत हीच गत आहे. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे मूळ उत्तराची तारीख आणि संकलकाने ती शेवटची तपासल्याची तारीख अशा दोन्ही असाव्या लागतात, आणि जुने ठरलेले उत्तर काढून टाकण्याऐवजी ते का जुने ठरले ही टीप जोडून ठेवावे लागते. मतभेदांनाही हीच वागणूक हवी. दहा जणांनी एक आणि दोघांनी दुसरे सांगितले असेल, तर ते दोघे कोण होते आणि त्यांची जमीन, हवामान किंवा परिस्थिती कशी वेगळी होती, हे नोंदवल्याशिवाय बहुमताचे उत्तर पुढे करणे अन्यायाचे ठरते. अलीकडे यंत्राकडून क्षणात सारांश करून घेण्याची सोय झाली आहे आणि प्राथमिक चाळणीसाठी ती उपयोगीही आहे, परंतु असा सारांश बहुधा मतभेद गुळगुळीत करतो आणि कोणते वाक्य कोणाचे हे पुसून टाकतो, त्यामुळे मूळ संदेशांशी ताडून पाहिल्यावाचून तो संग्रहात घेऊ नये.

चर्चेत बोललेला प्रत्येक माणूस त्या बोलण्याचा लेखक असतो, ही बाबही संकलक सहज विसरतात. भारतातील 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे स्वतः रचलेल्या मजकुरावर लेखकाचा हक्क कोणत्याही नोंदणीविना राहतो आणि चर्चेतला संदेश सर्वांना दिसतो एवढ्यावरून तो हक्क संपत नाही. कायद्याखेरीज सभ्यतेचाही प्रश्न आहे. डेजा न्यूजने यूझनेट शोधण्याजोगे केले तेव्हा, दोन आठवड्यांत पुसले जाईल या समजुतीने लिहिलेले बोलणे एकाएकी कायमचे होऊन बसले. त्यातूनच ‘हा संदेश साठवू नये’ अशी खूण संदेशाच्या माथ्यावर घालण्याची प्रथा निघाली आणि साठवणाऱ्यांनी ती मानलीही. बंद ग्रुपमधील चर्चा बाहेर नेताना तर अधिकच जपले पाहिजे, कारण बाहेर काढलेल्या फाइलीत फोननंबर असतात आणि आजार, कर्ज किंवा घरगुती कलह यांविषयी विश्वासाने लिहिलेला मजकूरही असतो. ग्रुपच्या सभासदांना आधी विचारणे, आक्षेप असलेले संदेश वगळणे, नंबर काढून टाकणे आणि ज्याला श्रेय हवे त्याचे नाव देणे या गोष्टी संकलनाच्या अखेरीस करण्याच्या नाहीत, त्या पहिल्याच दिवशी ठरवायच्या असतात.

एवढे सारे करून तयार झालेला संग्रह ठेवायचा कुठे, हा प्रश्न उरतो. भारतात अफाट लोकप्रिय झालेले ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 रोजी बंद झाले. त्यावरच्या समूहांतील सार्वजनिक चर्चा काही काळ वाचता येत होत्या, मग त्याही गेल्या. याहू ग्रुप्सने ऑक्टोबर 2019 मध्ये साठवलेला मजकूर काढून टाकणार असल्याचे जाहीर केले आणि डिसेंबर 2020 मध्ये ती सेवाही संपली. स्वयंसेवकांनी धावपळ करून जे वाचवले ते वाचले, बाकीचे गेले. कंपनीला आपला व्यवसाय बंद करण्याचा अधिकार असतो, म्हणून दोष देण्यापेक्षा आपली प्रत आपल्याकडे ठेवणे शहाणपणाचे आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयातून 1999 मध्ये निघालेल्या एका प्रकल्पाने याचे साधे तत्त्व घालून दिले: एकाच मजकुराच्या पुष्कळ प्रती निरनिराळ्या ग्रंथालयांत असाव्यात आणि त्या अधूनमधून एकमेकींशी ताडून बिघडलेली प्रत दुरुस्त केली जावी. सर्वसाधारण गटाला यासाठी महागडी व्यवस्था लागत नाही. कोणत्याही संगणकावर उघडेल असा साधा युनिकोड मजकूर, त्याची एक प्रत गटातल्या एकाकडे, दुसरी दुसऱ्या गावातल्या सभासदाकडे आणि तिसरी एखाद्या सार्वजनिक भांडारात, एवढ्याने बरेच साधते.

संस्थांची भूमिका मात्र यापुढे जाते. छापील पुस्तकांच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आणि मुंबईसह ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांकडे प्रकाशकांनी पाठवाव्यात असा 1954 पासून कायदा आहे. नागरिकांच्या संगणकीय चर्चा त्याच्या कक्षेत येत नाहीत आणि त्या सक्तीने गोळा करणे इष्टही नाही. परंतु स्वेच्छेने सोपवलेला संग्रह स्वीकारण्याची सोय ग्रंथालयांना करता येईल. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांनी घराण्यांची दप्तरे ज्या आस्थेने जपली, त्याच आस्थेने एखाद्या गिर्यारोहकांच्या, मोडी लिपीच्या अभ्यासकांच्या किंवा द्राक्ष बागायतदारांच्या वीस वर्षांच्या चर्चेचा संग्रह ठेवून घेता येईल. सोपवणाऱ्या गटाने त्यासोबत मूळ संदेशांची फाइल, विषयशब्दांची यादी, सभासदांनी दिलेल्या संमतीची नोंद, संकलकांची नावे आणि संग्रहात काय वगळले व का वगळले याचे दोन पानी टिपण दिले, तर पन्नास वर्षांनी त्या कपाटाशी येणाऱ्या अभ्यासकाला कोणालाही काही विचारावे न लागता कामाला लागता येईल.